सात की नऊ?

अंबरनाथ सोडून गाडी बदलापूरकडे निघाली की मध्ये चिखलोली लागतं. वर्षानुवर्षं लोकल इथे न थांबताच पुढे गेली. स्थानकाला मंजुरी मिळाली ती अगदी अलीकडे. एमआयडीसीचे कारखाने, धरण आणि नव्याने उभे राहिलेले टॉवर यांच्यामध्ये जुनं गाव अंग चोरून बसलं आहे. इथली मुलं कॉलेजला जातात ती अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगर, नाहीतर कल्याणला. सत्र संपत आलं की झेरॉक्सच्या दुकानात प्रोजेक्टच्या स्पायरल बाइंडिंगसाठी रांग लागते. प्रस्तावना, उद्दिष्टं, गृहीतक, निष्कर्ष, संदर्भसूची असा साचा ठरलेला असतो. वरचं प्लास्टिक पारदर्शक हवं की निळं, एवढाच काय तो वादाचा मुद्दा उरतो.

खरा वादाचा मुद्दा या मुलांच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर, वालधुनीच्या काठी, दगडात कोरलेला आहे.

अंबरनाथचं शिवमंदिर सगळ्यांना माहीत आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला अख्खा तालुका तिथे लोटतो. मात्र उत्तरेकडच्या मुखमंडपाच्या तुळईवर एक छोटा संस्कृत शिलालेख आहे, तिकडे मान वर करून पाहणारे थोडे. लेखात शक वर्ष आहे, शिलाहार राजा मम्वाणी याचं नाव आहे, काही अधिकाऱ्यांची नावं आहेत आणि छित्तराजदेवाचं ‘भवन’ उभारल्याचा उल्लेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या साठीच्या दशकात सरकारने या देवळाची आरेखनं करायला आणि नक्षीचे साचे घ्यायला मुंबईच्या कलाशाळेतली माणसं धाडली. त्याच सुमारास डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख वाचला आणि एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापला. त्यांनी साल वाचलं शके 782, म्हणजे इसवी सन 860.

भाऊ दाजी काही ऐऱ्यागैऱ्या वाचक नव्हते. गोव्यातल्या मांद्र्याचा हा मुलगा मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिकला, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून 1851 मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडला. त्यांचं नाव प्रथम गाजलं ते मात्र औषधामुळे नव्हे, निबंधामुळे. काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंधस्पर्धा जाहीर झाली, तिचं सहाशे रुपयांचं बक्षीस त्यांनी पटकावलं आणि 1847 मध्ये तो निबंध छापून निघाला. त्या काळात सहाशे रुपये ही चांगली घसघशीत रक्कम होती. चालीचं मूळ काय, समर्थक काय सांगतात, ती मोडायची कशी, अशा प्रश्नांवर सरकारला पटेल असं लिहिणं ही तेव्हा तरुणांच्या हाती आलेली नवी विद्या होती.

या विद्येची तालीम कॉलेजच्या वर्गात थोडी आणि वर्गाबाहेर जास्त होत असे. 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी मिळून स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. तिच्या मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक शाखा झाल्या. पद्धत साधी होती: एकाने निबंध लिहून आणायचा, सभेत वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर तुटून पडायचं. धर्म आणि राजकारण या विषयांना मज्जाव होता, म्हणजे ज्यावर भांडण हमखास जुंपेल ते सारं दाराबाहेर. तरी व्हायचं ते झालंच. 1849 मध्ये बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. टाळ्या वाजवून मंडळी घरी गेली नाहीत. त्याच वर्षी सोसायटीच्या सभासदांनी मुलींच्या शाळा उघडल्या आणि पहिल्यांदा स्वतःच फावल्या वेळात फुकट शिकवलं. त्यांत दादाभाई नौरोजी होते. निबंधावर गुण देण्याऐवजी त्यातून शाळा निघावी, असं भाग्य फार थोड्या निबंधांच्या वाट्याला येतं.

आता पुन्हा तुळईकडे.

भाऊ दाजींच्या हाताखाली जुनागडचा एक तरुण 1860 च्या दशकात रुजू झाला. नाव भगवानलाल इंद्रजी. कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही, इंग्रजी बेताचं. पोरवयात गिरनारच्या शिळेपुढे बसून, प्रिन्सेपने लावलेल्या ब्राह्मीच्या तक्त्याशी अक्षरं ताडून पाहत तो स्वतःच लिपी शिकला होता. भाऊंच्या पैशावर आणि सूचनांवर त्याने भारतभर भटकून शिलालेखांचे ठसे आणि नकला गोळा केल्या. भाऊ दाजी 1874 मध्ये गेले. त्यानंतर भगवानलालांनी अंबरनाथचा लेख नव्याने तपासला आणि त्याच नियतकालिकात दुरुस्त वाचन प्रसिद्ध केलं. पहिला अंक सात नव्हे, नऊ. शके 982, म्हणजे इसवी सन 1060. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षांनी तरुण झालं.

इथे क्षणभर थांबायला हवं. झिजलेल्या दगडावर सात आणि नऊ यांत गल्लत होणं समजण्यासारखं आहे. नुसतं ‘मला नऊ दिसतो’ म्हणून भागत नाही. समोरचा म्हणेल, मला सात दिसतो. डोळ्यांच्या साक्षीला बाहेरून जोड हवी, आणि ती लेखातच दडलेली आहे. छित्तराज हा मम्वाणीचा थोरला भाऊ. भांडुपला सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके 948 चा, म्हणजे 1026 चा आहे. थोरला भाऊ 1026 मध्ये राज्य करत असेल तर धाकटा 860 मध्ये गादीवर कसा असेल? 1060 मात्र चपखल बसतं. दगडाचा पुरावा, तांब्याचा पुरावा आणि वंशावळ, तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. तर्कशुद्ध लेखनाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकाला याहून नेटकं उदाहरण मिळणं कठीण.

एक गोष्ट मात्र खटकते. हा सारा वाद झाला इंग्रजीत. भगवानलाल गुजरातीत लिहीत, दुसरे त्याचं इंग्रजी करत. मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं आणि पुढच्या दशकात वरच्या परीक्षांमधून मराठीला रजा मिळाली. न्यायमूर्ती रानडे तिला परत आणण्यासाठी वर्षानुवर्षं झगडले, तिला एम. ए. पर्यंत शिरकाव मिळाला तेव्हा विसावं शतक उजाडत होतं. मधल्या काळात मराठीतला युक्तिवाद कॉलेजबाहेर वाढला. भाऊ दाजी गेले त्याच वर्षाच्या जानेवारीत विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि 84 अंक चालली. प्रतिपक्षाला चीत करणारी भाषा मराठीला तिने दिली. मात्र शाळा-कॉलेजांनी तिच्यातून उचलली ती भरजरी वाक्यं आणि उपरोध. पुरावा उलटून-पालटून पाहण्याची सवय तिकडे एशियाटिकच्या कपाटांत राहिली. मराठी मुलांच्या वाट्याला मग ‘माझा आवडता ऋतू’ आला.

हे दोन प्रवाह जोडायचा हट्ट धरला तो वि. का. राजवाडे यांनी. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 मध्ये निघाला, पुढे असे 22 खंड झाले. अस्सल कागद आधी, मत मागाहून, आणि सगळं मराठीत. त्यांच्या प्रस्तावना वाचताना कधी कधी कागद बाजूला राहतात आणि राजवाडेच भांडत सुटतात, हेही खरं. पण 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं आणि निबंध वाचायचा, मग पुराव्यानिशी खोडायचा, ही जुनी तालीम मराठीत पुन्हा रुळली.

अंबरनाथचा लेख मराठी वाचकाच्या हाती नीट पडायला आणखी वेळ लागला. वा. वि. मिराशी यांचं ‘शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख’ 1974 मध्ये प्रसिद्ध झालं. भाऊ दाजींच्या मृत्यूला तेव्हा बरोबर शंभर वर्षं होत होती. चिखलोलीच्या मुलाला अशा पुस्तकांच्या मागावर मुंबई गाठायलाच हवी असं नाही. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून उभं आहे, म्हणजे आगगाडी कल्याणात आल्यानंतर जेमतेम दहा वर्षांनी ते सुरू झालं. उलट्या दिशेला बदलापुरात ग्रंथसखा वाचनालय आहे. जुनी, दुर्मीळ मराठी पुस्तकं शोधत अभ्यासक लांबून तिथे येतात.

प्रोजेक्टला विषय हवाच असेल, तर सालाचा प्रश्न सुटला तरी तुळईवर एक शब्द शिल्लक आहे. ‘भवन’ म्हणजे घर, वाडा, देऊळ, यांपैकी काहीही. छित्तराजाने आरंभलेलं देऊळ मम्वाणीच्या काळात पुरं झालं, ही सांगोवांगी चालत आलेली गोष्ट बरीचशी त्या एका शब्दाच्या अर्थावर उभी आहे. उत्तरेच्या मंडपात सकाळच्या उजेडात अक्षरं जरा बरी दिसतात. दुपारनंतर टॉर्च न्यावा.