हळकुंडाच्या जवळ जाताना

वसमतच्या बाजारात हळदीचा सौदा होतो तेव्हा व्यापारी ढिगातले एक हळकुंड उचलतो, मोडतो आणि मोडलेल्या तोंडाचा रंग पाहतो. २०२४ मध्ये वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि ओळखीच्या एका महिला बचत गटाने आपली हळद पुड्यांत भरून दूरच्या गिऱ्हाइकाला विकायचे ठरवले. त्या गिऱ्हाइकाला हळकुंड मोडून बघता येणार नव्हते. ते काम फोटोने करायचे होते, आणि फोटो काढायचा होता मी.

माझी नेहमीची ५० मिलिमीटरची लेन्स दीड फुटाच्या आत गेली की धूसर दाखवते. म्हणून एक्स्टेन्शन ट्यूब मागवल्या. ट्यूब म्हणजे नुसती पोकळ नळी, आत काच नसते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये ती बसवली की लेन्स पुढे सरकते आणि लहान वस्तू जवळून टिपता येते.

खरे तर यात नवे काही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या लाकडी कॅमेऱ्यांना भाता असे. लोहाराचा भाता हवा देतो, हा फक्त लांब होई. जितका ओढावा तितकी वस्तू मोठी. पुढे १९२५ मध्ये लायका बाजारात आला. असे छोटे कॅमेरे हातात सहज मावू लागले, पण त्यांना भाता नव्हता. त्याबरोबर जवळ जाण्याची सोयही गेली. ट्यूबने तीच परत आणली. हिशेब साधा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे नाभीय अंतर. ५० च्या लेन्सला २५ ची ट्यूब लावली तर वस्तूचे चित्र निम्म्या आकाराचे पडते, ५० ची लावली तर जेवढ्यास तेवढे. मात्र जेवढ्यास तेवढ्याला उजेड चौथाईच उरतो.

लहान वस्तू दाखवून पैसेवाल्याची खात्री पटवण्याचा आपल्याकडचा मोठा दाखला दादासाहेब फाळके यांचा. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. ती पाहून छायाचित्रण साहित्याचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी कर्ज द्यायला तयार झाले. १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. सगळे एका वाटाण्याच्या रोपावर!

माझ्या ट्यूब मात्र फसल्या. स्वस्तातल्या घेतल्या होत्या, त्यांत विजेची जोडणी नव्हती. त्यामुळे लेन्सचे छिद्र कॅमेऱ्याकडून बदलेना. मोडलेल्या हळकुंडाची एक कड स्पष्ट, बाकी सारा पिवळा धुरळा. चूक माझीच, विचारून घ्यायला हवे होते.

शेवटी वडिलांच्या स्टुडिओतले कपाट उघडले. जुन्या फोटोंवरून नवे फोटो करून देण्यासाठी ते ५५ मिलिमीटरची मायक्रो निक्कोर वापरत. या जातीच्या लेन्सचा जन्मही गमतीचा आहे. दाट रेघांची जपानी चित्राक्षरे मायक्रोफिल्मवर वाचता यावीत म्हणून निकॉनने १९५६ मध्ये पहिली मायक्रो निक्कोर काढली. मराठी जोडाक्षरांच्या माणसाला ही अडचण समजायला वेळ लागत नाही. वडिलांची लेन्स एकटी निम्म्या आकारापर्यंत जाते, सोबतची २७.५ मिलिमीटरची ट्यूब लावली की जेवढ्यास तेवढे. आणि छिद्र लेन्सवरच्या कड्याने हाताने फिरवायचे, म्हणजे विजेचा प्रश्नच नाही.

अडचण एकच, लेन्स हळकुंडाच्या दोन-अडीच इंचांवर येते आणि तिचीच सावली पडते. १०० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स याहून मोकळी जागा देते. दागिने, घड्याळे रोज टिपायची असतील तर तीच घ्यावी. पण एका पुड्याच्या फोटोसाठी तेवढा खर्च मला पटला नाही. खिडकीचा उजेड घेतला, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा केला, छिद्र बारीक केले आणि कॅमेरा तिवईवर ठेवून सावकाश फोटो काढला.

संगणकावर रंग थोडा गडद करावा असे मनात आले. गटातल्या एक मावशी शेजारीच बसल्या होत्या. म्हणाल्या, "नका करू भाऊ. गिऱ्हाईक पुडा फोडून बघतंच की."

फोटो तसाच छपाईला गेला.