भारतातील नादारीची आकडेवारी

भारतातील नादारीची आकडेवारी म्हणजे कर्ज फेडू न शकलेल्या कंपन्या, भागीदारी संस्था व व्यक्ती यांच्याविषयी सरकारी यंत्रणांनी नोंदवलेली माहिती. कंपन्यांची आकडेवारी नियमित व तपशीलवार आहे. व्यक्तींची मात्र अत्यंत तुटपुंजी आहे. अमरावती जिल्ह्यातील नांदगाव खंडेश्वरसारख्या शेतीप्रधान तालुक्यात कर्ज प्रामुख्याने व्यक्तीच्या नावावर असल्याने तेथील थकबाकी या आकड्यांत जवळजवळ उमटत नाही.

कंपन्या

नादारी व दिवाळखोरी संहितेला २८ मे २०१६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ डिसेंबर २०१६ पासून कंपन्यांविषयीच्या तरतुदी लागू झाल्या. प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणापुढे चालतात. भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळ दर तिमाहीस आकडे प्रसिद्ध करते. मार्च २०२४ अखेर ७,५६७ प्रकरणे दाखल करून घेतली गेली होती व ५,६४७ निकाली निघाली होती. निकाली प्रकरणांपैकी ९४७ मध्ये निराकरण योजना मंजूर झाली, तर २,४७६ कंपन्या अवसायनात गेल्या. उरलेली प्रकरणे अपील, तडजोड किंवा माघार यांमुळे संपली. थकबाकीची किमान मर्यादा २४ मार्च २०२० रोजी १ लाखावरून १ कोटी रुपये झाली. त्यामुळे त्याआधीच्या व नंतरच्या वर्षांची सरळ तुलना फसवी ठरते.

व्यक्ती

संहितेचा तिसरा भाग व्यक्ती व भागीदारी संस्थांसाठी आहे. पण १ डिसेंबर २०१९ पासून तो केवळ कर्जदार कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांना लागू करण्यात आला. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत व कर्ज ३५,००० रुपयांपर्यंत असलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या ऋणकोस कर्जमुक्तीची तरतूद त्यात आहे, परंतु ती अमलात आलेली नाही. इतरांसाठी मुंबई, कोलकाता व चेन्नई येथे १९०९ चा, तर अन्यत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा चालतो. नांदगाव खंडेश्वरच्या शेतकऱ्याला वा दुकानदाराला नादार ठरायचे असल्यास अमरावतीच्या जिल्हा न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्यासाठी कर्जाची किमान रक्कम कायद्यात अजूनही ५०० रुपयेच आहे. असे अर्ज मंडळाच्या तिमाही आकड्यांत धरले जात नाहीत. याउलट इंग्लंड व वेल्समध्ये कंपन्यांबरोबर व्यक्तींच्या नादारीचेही आकडे दरमहा प्रसिद्ध होतात.

अप्रत्यक्ष नोंदी

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७व्या फेरीनुसार (२०१९) देशातील ५०.२ टक्के शेतकरी कुटुंबे कर्जदार होती व प्रतिकुटुंब सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते. मात्र कर्जदार असणे म्हणजे नादार असणे नव्हे.

सामान्य माणसाच्या संदर्भात ‘दिवाळखोरी’ हा शब्द राष्ट्रीय आकडेवारीत ठळकपणे येतो तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आत्महत्यांच्या तक्त्यात. २०१५ मधील ८,००७ शेतकरी आत्महत्यांपैकी ३,०९७ ‘दिवाळखोरी किंवा कर्जबाजारीपणा’ या कारणाखाली नोंदल्या गेल्या. त्या वर्षी ३,०३० शेतकरी आत्महत्या एकट्या महाराष्ट्रात झाल्या. हे कारण पोलीस नोंदीवरून ठरते, न्यायालयीन निर्णयावरून नव्हे.

अमरावती विभागात जिल्हा प्रशासन अशा प्रकरणांची ‘पात्र’ व ‘अपात्र’ अशी विभागणी करते. पात्र ठरल्यास कुटुंबाला सानुग्रह मदत मिळते. त्यासाठी कुटुंबाकडे शेतजमीन असावी लागते आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकलेले असावे लागते. बिनपरवाना सावकाराचे देणे किंवा कृषी केंद्रातून उधारीवर उचललेल्या बियाण्या-खतांची बाकी या निकषात बसत नाही.