समुद्राचीच तार

मुंबई बंदरात जहाजांचं वायरिंग करता करता मी निवृत्त झालो. आमच्या धंद्यात खारं पाणी म्हणजे वैरी. जंक्शन बॉक्समध्ये चमचाभर शिरलं तरी रात्र तिथेच जायची. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिशांचा ‘डबल एल’ स्वीप, म्हणजे पाणसुरुंग झाडायची पद्धत, मला भारी आवडते. त्यांनी या वैऱ्यालाच कामाला जुंपलं.

जुने पाणसुरुंग तळाला दोराने बांधलेले असत. माइनस्वीपरने (सुरुंग झाडणाऱ्या बोटीने) तार ओढत न्यायची, दोर कापायचा, वर आलेला सुरुंग गोळ्या घालून फोडायचा. जर्मनांचा चुंबकी सुरुंग तळावरच पडून राही. कापायला दोरच नाही. २३ नोव्हेंबर १९३९ला थेम्सच्या मुखाशी शूबरीनेसच्या चिखलात असा एक सापडला. नौदल अधिकारी जॉन ओव्हरी यांनी तो उघडला, लोखंड नसलेल्या हत्यारांनी. लोखंडी जहाज वरून गेलं की चुंबकीय क्षेत्र बदलतं, त्यावर तो फुटायचा.

मग तो झाडायला लाकडी बोटी आल्या. लांबी १०५ फूट, म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक. वेग जेमतेम ११ नॉट. नौदलातले लोक त्यांना ‘मिकी माउस’ म्हणत. त्यावर मासेमारीतून आलेले खलाशी बरेच. इंजिन अर्थात लोखंडाचंच, तेव्हा निर्धास्त कोणीच नसे.

‘डबल एल’ची रीत अशी: बोटीमागे तरंगत्या केबल सोडायच्या, एक लांब, एक आखूड, टोकांशी उघडे इलेक्ट्रोड. डायनामोतून प्रवाहाचा झटका दिला की तो एका टोकातून पाण्यात उतरून दुसऱ्यातून परत यायचा. सर्किटचा उरलेला भाग खुद्द समुद्र! दोन बोटी समांतर चालत, झटके एकाच वेळी देत, की मधल्या पट्ट्यातले सुरुंग मागच्या मागे उडावेत. काही सुरुंगांत मोजणीयंत्र असे. पहिली काही जहाजं ते मुकाट जाऊ देत. त्यामुळे तीच वाट पुन्हा पुन्हा झाडावी लागे. या कंटाळवाण्या कामाला पदकं कमीच मिळतात, हे माझं मत.

१९४०मध्ये आवाजावर फुटणारे सुरुंग आले. उपाय आडदांड: पेटीत रस्ता फोडायचा हातोडा बसवून नाळेपुढे पाण्यात सोडायचा नि बडवत राहायचं.

१९४४च्या जूनमध्ये नॉर्मंडीत मात्र दाबावर चालणारा सुरुंग निघाला. जहाज सरकताना खालच्या पाण्याचा दाब घटतो, तेवढं त्याला पुरे. तो दाब ना केबलने साधता येई, ना हातोड्याने. उथळ पाण्यात जहाजांनी अगदी हळू जावं, एवढाच हुकूम निघाला.