रंग सोडून रेघ धरणारा मास्तर

मुलगा एखाद्या विषयात राहिला की पालक मला विचारतात, "सर, इसका कुछ होगा क्या?" तेव्हा मी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सांगतो.

बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा मुलगा (जन्म 1869) चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. तिथे कळलं, त्याला रंगच नीट ओळखता येत नाहीत. मग त्याने रंग सोडून रेघ धरली. यांत्रिक ड्रॉइंग शिकला आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तेच शिकवू लागला. यंत्रं कळली ती तिथेच, हाताळून.

पुढे बढतीत त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला घेतलं. (हे दुखणं आम्हा मास्तरांना समजावून सांगायला नको.) नोकरी सोडून ते बेळगावला भावासोबत सायकलच्या दुकानात आले. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी नांगर घेईनात. पुढे कारखान्याची जागाही गेली. औंधच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि 1910 साली किर्लोस्करवाडी सुरू झाली.

लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. आज मी आहे तसे.