भाड्याचा बैल, भाड्याची स्कूटर



आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. गोव्यात आम्ही दोन दिवसांसाठी स्कूटर भाड्याने घेतली होती. परत करताना मालकाने वाकून मडगार्डवरचा एक ओरखडा दाखवला आणि अनामत रकमेतून पैसे कापले. ओरखडा आमचा की आधीच्या गिऱ्हाईकाचा? आम्हाला सांगता येईना, त्यालाही सांगता येईना. पैसे मात्र त्याच्या हातात होते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, आपण तिथेच परत येणार आहोत.

हा वाद किती जुना आहे, बघा. बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याची कारकीर्द साधारण इ.स.पू. १७९२ ते १७५० अशी मानतात. त्याचे कायदे कोरलेला काळा पाषाणस्तंभ १९०१ साली इराणमधल्या सुसा इथे उत्खननात सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. त्यात भाड्याच्या बैलाविषयी ओळीने कलमं आहेत. हयगयीने किंवा मारझोडीने बैल मेला, तर बैलाला बैल द्यायचा. पाय मोडला तरी तेच. डोळा गेला, तर निम्मी किंमत. शिंग मोडलं, शेपटी तुटली, तर त्याहून कमी हिस्सा. म्हणजे नुकसानीचा दर राजाने ठरवलेला. मालकाच्या मनाला येईल तो आकडा नाही.

आणि रानात सिंहाने बैल मारला तर? नुकसान मालकाचं. देवाच्या कोपाने मेला, तर भाडेकऱ्याने देवाची शपथ घ्यायची आणि मोकळं व्हायचं. आपल्याकडे याज्ञवल्क्यस्मृतीतही ठेवीबद्दल असाच विचार आहे: राजा, दैव किंवा चोर यांच्यामुळे ठेव गेली, तर ठेव सांभाळणाऱ्याकडून भरपाई घेऊ नये. मराठीत आपण ज्याला अस्मानी-सुलतानी म्हणतो, तेच हे. जे माणसाच्या हातात नाही, त्याचा भुर्दंड त्याच्यावर कशाला?

पण जे हातात आहे, त्यात काळजी किती घ्यायची? १७०३ साली इंग्लंडमध्ये ब्रँडीच्या पिंपांचा एक खटला गाजला. पिंपं हलवताना एक फुटलं आणि ब्रँडी वाहून गेली. सरन्यायाधीश होल्ट यांनी या निकालात दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेण्याचे सहा प्रकार पाडले. भाड्याने घेणाऱ्याने पराकाष्ठेची काळजी घ्यावी, असं त्यांचं मत होतं. १७८१ साली विल्यम जोन्स यांनी याच विषयावर पुस्तक लिहून हे मत खोडून काढलं. भाड्याच्या व्यवहारात मालकाला पैसे मिळतात, घेणाऱ्याला वस्तू वापरायला मिळते. फायदा दोघांचा, मग साधारण काळजी पुरे. हेच जोन्स दोन वर्षांनी कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आले आणि १७८४ साली त्यांनी एशियाटिक सोसायटी स्थापन केली.

पुढे १८७२ चा भारतीय करार कायदा आला. त्याच्या कलम १५१ प्रमाणे, सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी घेणं बंधनकारक. कलम १५० मालकालाही बांधतं: भाड्याने दिलेल्या वस्तूतल्या दोषामुळे घेणाऱ्याचं नुकसान झालं, तर तो दोष मालकाला माहीत नसला तरी जबाबदारी त्याचीच. ब्रेक आधीपासून बिघडलेले असतील, तर ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणून सुटका नाही. आणि कलम ७४ काय म्हणतं? करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला, तरी तो कमाल मर्यादा समजायचा. मिळणार ती त्या मर्यादेतली वाजवी भरपाईच. दुकानाच्या भिंतीवर टांगलेला ‘आरसा फुटला, इतके, ओरखडा, इतके’ हा तक्ता हम्मुराबीच्या कलमांसारखा दिसतो खरा, पण तो राजाने लावलेला नाही.

म्हणजे कायदा तसा समतोल आहे. मग आपण हरतो कुठे? आता ते पहिलं वाक्य आठवा. बैलाचा मालक भरपाई मागायला निघायचा, तेव्हा पैसे भाडेकऱ्याकडे असायचे. आज अनामत रक्कम आधीच मालकाकडे असते. दावा त्याचा असतो, पण दारोदार फिरावं लागतं आपल्याला. आणि हजार-दोन हजारांसाठी, परतीची गाडी पकडायची असताना, कोण भांडत बसणार?

म्हणून शपथेची जागा आता फोटोने घेतली आहे. किल्ली हातात घेण्याआधी मालकाच्या देखत गाडीला एक चक्कर मारा, चारी बाजूंनी चित्रफीत काढा, जुने ओरखडे पावतीवर लिहून घ्या. परत करतानाही तेच करा. तरीही पैसे कापले, तर गाडी दिली तेव्हाचा फोटो आणि दुरुस्तीचं बिल मागा. लेखी मागा. त्याउपर ग्राहक आयोग आहेच.

आम्ही त्या दिवशी यातलं काहीच केलं नव्हतं. मालक खोटं बोलत होता, असंही आम्ही म्हणणार नाही. कदाचित ओरखडा आमचाच असेल. पण ते ठरवायला आमच्या दोघांकडे पुरावा नव्हता, आणि पुरावा नसला की ज्याच्या हातात पैसे, त्याचंच खरं ठरतं.