सेल्फ का लागत नाही?

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे साखर कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला. अशा गावात शेत, कारखाना, शाळा आणि अकलूजचा बाजार यांना जोडणारे वाहन म्हणजे मोटरसायकल. ती जुनी झाली की एक तक्रार हमखास ऐकू येते : 'सेल्फ लागत नाही.' पुष्कळदा मोटरच बदलून टाकली जाते आणि खर्च होऊनही दोष तसाच राहतो. तो कोठे शोधावा हे या मोटरचा इतिहासच आपल्याला सांगतो.

पेट्रोलचे इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. इंधन आणि हवा आत ओढून दाबली गेल्यावरच ठिणगीचा उपयोग होतो. म्हणून पहिले काही फेरे बाहेरून द्यावे लागतात. सुरुवातीच्या मोटारगाड्यांना हे फेरे हँडल मारून देत. ठिणगी वेळेआधी पडली तर हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. जुन्या बुलेटची उलटी किक ज्यांनी खाल्ली आहे, त्यांना याची कल्पना येईल.

हे काम विजेच्या मोटरने करावे ही कल्पना सुचणे सोपे होते. पण हिशेब केला तर मोटर आणि बॅटरी गाडीत मावणार नाही एवढी मोठी होई. ही अडचण अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी सोडवली. त्यांनी पूर्वी दुकानातील पैशांचे गल्ले विजेवर चालवण्यासाठी मोटर बनवली होती. गल्ल्याची मोटर क्षणभरच चालते. त्यामुळे लहान मोटरवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त भार टाकला तरी ती तापण्यापूर्वी काम संपते. हाच विचार त्यांनी मोटारगाडीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत विजेचा स्टार्टर आला. बटण काही सेकंदांपेक्षा जास्त दाबू नये, या सूचनेचे मूळ येथे आहे. सेल्फची मोटर सतत चालण्यासाठी बनवलेलीच नसते.

मोटरसायकलची कथा मात्र वेगळी झाली. इंडियन या अमेरिकन कंपनीने १९१४ मध्ये 'हेंडी स्पेशल' नावाची बटणस्टार्ट गाडी काढली. मोटर ठीक होती, पण बॅटऱ्या लवकर उतरत. ती गाडी त्याच वर्षी बंद करावी लागली. पुढे चांगल्या बॅटऱ्या आल्या. हार्ले-डेव्हिडसनच्या १९६५ च्या 'इलेक्ट्रा ग्लाइड'ला आणि होंडाच्या १९६९ च्या 'सीबी ७५०'ला सेल्फ होता. आपल्याकडे १९८४ मध्ये स्थापन झालेल्या कायनेटिक होंडा कंपनीच्या स्कूटरने बटणस्टार्टची ओळख घरोघर करून दिली. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली आणि मोटरसायकललाही सेल्फ असणे हळूहळू नेहमीचे झाले.

१९१४ चा धडा आजही तोच आहे : आधी बॅटरी पाहा, मोटर शेवटी. १२ व्होल्टची पूर्ण भारित बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना हा आकडा १० च्या खूप खाली गेला तर बॅटरी उतरलेली किंवा निकामी आहे. 'टक्-टक्-टक्' असा आवाजही हेच सांगतो. रिले ओढला जातो, मोटर मोठा प्रवाह मागते, बॅटरीचा दाब कोसळतो, रिले सुटतो, दाब पुन्हा वाढतो, आणि हेच चक्र चालू राहते.

जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास मांडलेल्या रिलेचे तत्त्व येथे वापरलेले असते : लहान प्रवाहाने मोठ्या प्रवाहाचे दार उघडायचे. एकदाही 'टक्' झाले नाही तर दोष बहुधा लहान मंडलात असतो. फ्यूज, बटण, क्लच किंवा न्यूट्रलचा स्विच आणि रिलेची गुंडाळी तपासावी. 'टक्' होऊनही मोटर फिरत नसेल आणि बॅटरी चांगली असेल, तर मोठे मंडल तपासावे.

येथे वर्गात शिकवलेला ओहमचा नियम उपयोगी पडतो. सेल्फचा प्रवाह ५० अँपिअर धरू. गंजलेल्या टर्मिनलचा रोध फक्त ०.१ ओहम असला तरी तेथेच ५ व्होल्ट खर्च होतात. मग मोटरला उरते काय? गंमत अशी की हेच टर्मिनल दिव्याला पुरेसा प्रवाह देत राहते. म्हणून दिवा लागतो, हॉर्न वाजतो आणि आपण मोटरला दोष देतो. टर्मिनल घासून घट्ट करावे, अर्थिंगची तारही विसरू नये.

एवढे करूनही मोटर स्वस्थ असेल तरच ती उघडावी. तेव्हाही बहुधा कार्बन झिजलेले आढळतात. पूर्वी तांब्याचे ब्रश वापरत. ते फिरत्या भागाला खरवडत, म्हणून १८८५ मध्ये जॉर्ज फोर्ब्ज यांनी कार्बन सुचवला. तो स्वतः झिजतो आणि महागडा भाग वाचवतो. कार्बन बदलणे नव्या मोटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. मोटर गुणगुणते पण इंजिन फिरत नाही, असे असेल तर दोष विजेचा नसून एकाच दिशेने पकडणाऱ्या क्लचचा असतो.

शाळेत हा पाठ घेताना गाडी न्यूट्रलमध्ये, स्टँडवर ठेवावी. बॅटरीची तार काढताना आधी ऋण टोक सोडवावे आणि जवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन सुटतो. मग एक मल्टिमीटर मुलांच्या हाती द्यावा. बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या टोकापर्यंत किती व्होल्ट हरवतात, हे सेल्फ मारतानाच मोजायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा बरेच जास्त हरवत असतील, तर ते कोठे हरवतात हे मुले स्वतःच शोधून काढतील.