प्रणालीबदलाचा प्रश्न आणि मराठी मजकुराचे भवितव्य

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम बदलावी की आहे तीच चालू ठेवावी, हा प्रश्न वरकरणी साहित्यविचाराच्या कक्षेबाहेरचा वाटतो. तो तंत्रज्ञाने सोडवावा, फार तर कचेरीच्या हिशेबनिसाने, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु २००० नंतरच्या दहाबारा वर्षांतील मराठी लेखनव्यवहार पाहिला, तर लिहिलेला मजकूर पुढे वाचला जाणार की नाही, हे बऱ्याच अंशी याच निर्णयावर अवलंबून होते असे दिसते. म्हणून या प्रश्नाची दखल आपल्या वाङ्मयीन इतिहासाने घ्यावयास हवी, असे आम्हांस वाटते.

संगणकावर देवनागरी उमटविण्याचे प्रयत्न विसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच जोमाने सुरू झाले होते. कानपूरच्या आय.आय.टी.त जन्मलेले जिस्ट तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकने वाढविले. ही संस्था १९८८ सालची. १९९१ साली 'इस्की' ही संकेतपद्धती भारतीय मानक म्हणून मान्य झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरच बेतलेली होती. तात्पर्य, मानकांची वाण नव्हती. वाण होती ती ही मानके जाणणाऱ्या प्रणालीची. घराघरांत आणि छापखान्यांत पोहोचलेल्या विंडोज ९५ व ९८ यांच्यात प्रणालीच्या स्तरावर देवनागरीची सोय नव्हती.

ही उणीव फॉन्टांनी भरून काढली. युक्ती साधी होती. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या जागांवर देवनागरीचे आकार बसवायचे. पडद्यावर मराठी दिसे, कागदावर मराठी उमटे. फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरे आणि चिन्हेच साठत. शिवाय प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी. एका फॉन्टातील कविता दुसऱ्या फॉन्टात उघडली की तिचा कचरा होई. 'कविता' हाच शब्द घ्या. त्यातील ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना 'व'च्या आधी दिसते, म्हणून या फाइलींमध्ये ती 'व'च्या आधीच साठविली जाई. उच्चाराच्या क्रमाने ती 'व'नंतर यावयास हवी. म्हणजे तेथे शब्द नसून शब्दाचे चित्र होते. अशा मजकुराची अकारविल्हे सूची सहजी करता येत नाही, एखादी संज्ञा ग्रंथात कोठे कोठे आली हे शोधता येत नाही.

२००० साली आलेल्या विंडोज २००० ने आणि २००१ च्या विंडोज एक्सपीने हे चित्र पालटले. 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आणि अक्षरे जुळविणारी यंत्रणा प्रणालीतच आली. तरीही ही सोय आपोआप हाती येत नसे. सेटिंगमध्ये जाऊन संमिश्र लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे, आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी जवळ असावी लागे. २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून ती खटपट संपली.

मग सर्वांनी तत्काळ प्रणाली का बदलली नाही? या प्रश्नाचे उत्तर 'मराठी माणसाची उदासीनता' असे देण्याची आपल्याकडे रीत आहे. आम्हांस ते मान्य नाही. जुन्या प्रणालीला धरून राहणाऱ्यांपाशी सबळ कारणे होती. मराठीची अनेक पॅकेजे संगणकाच्या मागे प्रिंटरच्या जागी खोचावयाच्या कुलुपावर चालत. विंडोज ९८ मध्ये प्रोग्रामला त्या जागेशी थेट बोलता येई. नव्या प्रणालीने ती वाट बंद केली आणि तेथे वेगळा ड्रायव्हर आवश्यक झाला. म्हणजे प्रणालीबरोबर पॅकेजही नवे घ्यावे लागण्याचा धोका होता, आणि वर्षानुवर्षांच्या फाइली तर जुन्या पॅकेजातच होत्या.

याहून मोठे कारण छापखान्याचे. पुस्तकांची पाने ज्या पेजमेकरवर लागत, त्याची २००१ ची सातवी आवृत्ती ही अखेरची ठरली आणि तिलाही युनिकोड कळत नव्हते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रीतसर सोय आली ती २०१२ च्या सीएस ६ या आवृत्तीत. म्हणजे लेखकाने २००२ साली प्रणाली बदलून युनिकोडात कादंबरी लिहिली, तरी पुढची दहा वर्षे ती छापण्यासाठी सामान्यतः जुन्या फॉन्टात उलटवावी लागे. या उलथापालथीत जोडाक्षरे मोडत, रफार सरकत, मुद्रितशोधकाचे काम वाढे. प्रणालीबदल हा एकट्याचा निर्णय नव्हता. लेखक, अक्षरजुळणी करणारा, प्रकाशक आणि वाचक या सर्वांची ती साखळी होती, आणि साखळी तिच्या सर्वांत मंद कडीच्या गतीने चालते.

अक्षरेही एकदम आली नाहीत. 'ॲरिस्टॉटल'मधील 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये दाखल झाले ते २००८ साली. राज्य शासनाने मराठी वर्णमालेचा निर्णय काढून तीत या स्वराला जागा दिली ती २००९ च्या नोव्हेंबरात. तोवर 'अ' आणि सुटा चंद्र यांच्यामध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालून काम भागविले जाई. परिणामी 'ॲब्सर्ड' हा एकच शब्द संगणकात दोन रीतींनी साठलेला आढळतो आणि एकाचा शोध घेतला तर दुसरा हाती लागेलच असे नाही. नव्या पाठचिकित्सेला ही पाठभेदाची एक वेगळीच जात विचारात घ्यावी लागणार आहे. मोडी लिपीला तर युनिकोडमध्ये स्थान मिळाले जून २०१४ मध्ये. विंडोज एक्सपीचा अधिकृत आधार त्याच वर्षीच्या ८ एप्रिलला संपला होता.

मोडीचे हे साहचर्य आम्हांस अर्थपूर्ण वाटते. कारभारातून मोडी गेली तेव्हा दप्तरे जळाली नाहीत. ती जागच्या जागी राहिली, वाचणारे तेवढे विरळ झाले. फॉन्टबद्ध फाइलींची गत याहून बिकट आहे. मोडी कागद निदान डोळ्यांना दिसतो; येथे फॉन्ट, पॅकेज आणि प्रणाली ही तिन्ही जुळल्याखेरीज अक्षरही दिसत नाही. डॉसच्या काळातील सोळा बिटांचे प्रोग्राम चौसष्ट बिटांच्या विंडोजवर मुळी चालतच नाहीत.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि हाच प्रश्न पुन्हा अनेक विभागांपुढे, अनेक प्राध्यापकांपुढे उभा राहिला. सुरक्षिततेसाठी प्रणाली बदलणे युक्त आहे, यात वाद नाही. मात्र जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातील प्रबंध, व्याख्यानांची टिपणे, अर्धवट राहिलेली संपादने कोणत्या फॉन्टात आहेत हे पाहावे. त्यांचे युनिकोडात रूपांतर करून मुळाशी ताडून घ्यावे. मूळ फाइल आणि तिचा फॉन्टही जपावा, आणि रूपांतर केव्हा, कशाने केले याची नोंद ठेवावी. हस्तलिखिताची नक्कल करणारा लेखक पोथीच्या शेवटी आपले नाव आणि शक लिहीत असे. त्याच शिस्तीची येथे गरज आहे.